नव्या फरशीखालचे पाणी

हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय भाव न बोलणारा व्यापारी स्वतःच्या घराची दुरुस्ती मात्र बहुधा डोळे मिटून ताब्यात घेतो. सांगलीच्या पेठेतील एका हळद-व्यापाऱ्याच्या घरी नेमके हेच होण्याच्या बेतात होते. खाली दुकान व गुदाम, वर राहते घर, अशी जुनी बांधणी. चार महिन्यांच्या कामानंतर वरचे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि विजेची सारी जोडणी नवी झाली होती. अक्षय्य तृतीया पाच दिवसांवर आलेली; गृहप्रवेश त्याच दिवशी, हे सर्वांनी धरूनच ठेवले होते. ठेकेदाराने अखेरचे बिल पुढे केले. भिंती झळकत होत्या, दिवे लागत होते, नळ वाहत होते. धनादेश लिहिण्यास आणखी काय हवे?

जमाखर्च जाणणाऱ्यास ठाऊक असते, की तेरीज जुळली म्हणून खतावणी निर्दोष ठरत नाही. जी नोंद मुळात झालीच नाही, तिचा पत्ता तेरीज देत नाही.

मातोश्री पंचाहत्तरीच्या. त्या म्हणाल्या, "रंग काय बघतोस? एक बादली पाणी ओतून बघ." पाणी ओतले. ते मोरीच्या जाळीकडे न जाता दाराशी येऊन थबकले. पहाटे उठून अंधारात तेथे पाऊल टाकणार होत्या त्या मातोश्रीच.

धनादेशपुस्तिका मिटली आणि तपासणी सुरू झाली. रुपयाच्या नाण्याने प्रत्येक फरशी ठोकून पाहिली; भरीव नादाऐवजी बद्द आवाज आला तेथे खडूने फुली. अशा अकरा फुल्या पडल्या; त्या फरशांखाली मसाला पुरता पसरलाच नव्हता. ईएलसीबीची चाचणीची कळ दाबताच वीज तुटली, तेव्हा सर्वांना हायसे वाटले. परंतु त्या कळीने केवळ ते उपकरण चालते एवढेच कळते, प्रत्येक जोडणीची खातरी होत नाही. दुसऱ्या वायरमनने एकेक सॉकेट तपासले, तेव्हा गिझरच्या सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नसल्याचे दिसले. दारे, कप्पे, कड्या यांचे दोष किरकोळ निघाले.

खरी परीक्षा न्हाणीघराची होती, कारण त्याच्या बरोबर खाली हळदीची थप्पी होती. मोरीचे तोंड बोळ्याने बंद करून दोन इंच पाणी भरले व दोन दिवस तसेच ठेवायचे ठरले. दुसऱ्याच दिवशी गुदामाच्या छतावर, वैशाखाच्या कोरड्या उन्हाळ्यात, ताटाएवढी ओल उमटली. ठेकेदार ती पाहून सरळपणे म्हणाला, "अण्णा, पाणी भरलं नसतं तर इतक्यात कुणाला कळलंही नसतं."

तो मुहूर्त तेथेच सुटला. घरात दोन दिवस अबोला होता, हेही सांगितले पाहिजे. मग हिशेब झाला. मजुरांची थकलेली हजेरी त्याच सायंकाळी चुकती करण्यात आली. गळतीत त्यांचा दोष कितपत होता? ठेकेदाराची उर्वरित रक्कम मात्र राखून ठेवली आणि दोषांची यादी दोघांच्या सहीने कागदावर उतरली. हा कागद पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बांधकामातील दोषांचे पाच वर्षांचे दायित्व घातले आहे ते नव्या प्रकल्पाच्या विकासकावर. आपल्याच घराची दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराला बांधतो तो आपला लेखी करार. लाखोंचा माल चिठ्ठीशिवाय न उचलणाऱ्या पेढीवर चार महिने तोंडी शब्दावर काम चालले होते.

साचवलेले पाणी बादल्यांनी उपसून कुंड्यांना घातले. फरशी फोडल्यावर दोष सापडला: मोरीचा नळ स्लॅबमधून जातो तेथील सांधा उघडा राहिला होता आणि जलरोधक थर त्याच्या कडेपर्यंत नेलेलाच नव्हता. काम पुन्हा झाले. या वेळी फरशी बसवण्यापूर्वी उघड्या नळांची मापासह छायाचित्रे काढून घेतली.

अक्षय्य तृतीयेचा उसाचा रस त्या वर्षी भाड्याच्या दोन खोल्यांत, बांधलेल्या खोक्यांच्या गर्दीत प्यावा लागला. त्यानंतर आठवड्याने न्हाणीघरात पुन्हा पाणी भरले. थप्पी बाजूला सारून व्यापारी सकाळ-संध्याकाळ बॅटरी घेऊन गुदामात उभे राहत. तिसऱ्या सकाळी त्यांनी शिडी लावली, छतावर तळहात फिरवला आणि वर हाक दिली, "आई, कोरडं आहे."