भुकेचा पहारा

रविवारी हैदराबादच्या आबिड्सची मोठी दुकानं शटर ओढून बसतात आणि त्यांच्या पायऱ्यांपुढचा फूटपाथ पुस्तकांनी भरून जातो. जनरल पोस्ट ऑफिसाच्या बाजूने चालत निघालं की अंथरलेल्या ताडपत्र्यांवर ढीग लागलेले दिसतात. इंजिनियरिंगची जुनी पुस्तकं, उर्दू मासिकं, तेलुगू कादंबऱ्या, आणि नशीब जोरावर असेल तर सुलतान बाजारातल्या कुठल्या तरी घरातून रद्दीत निघालेला, आतल्या पानावर शाईने मराठी नाव घातलेला एखादा दिवाळी अंक. इथे उकिडवं बसून पुस्तकं चाळणाऱ्याला वेळेचं भान राहत नाही. सकाळी नुसत्या चहावर घरातून निघालेला माणूस अकरा-साडेअकराला आधी जांभया देऊ लागतो, मग उगाच चिडतो, किंमत विचारताना त्याचा आवाज चढतो, आणि पान उलटताना लक्षात येतं की बोटं थरथरताहेत. उठून उभं राहावं तर छातीत धडधड, कपाळावर गार घाम. मला हे या फूटपाथवर बऱ्याचदा झालं आहे. ताजमहाल हॉटेलात जाऊन इडली-सांबार पोटात गेलं की थोड्या वेळात सगळं निवळतं.

घरी कोणी याला पित्त म्हणतं, कोणी अशक्तपणा. पण त्या घटकेला शरीर अशक्त झालेलं नसतं. ते कधी नव्हे इतक्या जोराने कामाला लागलेलं असतं, आणि कशासाठी, हे कळल्यापासून मला या थरथरीविषयी आदर वाटतो.

मोठ्या माणसाच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून कुठल्याही क्षणी साखर असते ती चार-पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. आणि खाणारा कोण? मेंदू. वजनाने शरीराचा पन्नासावा भाग, पण एकूण ऊर्जेतला पाचवा वाटा त्याचा. दिवसाकाठी त्याला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं आणि स्वतःपाशी साठवण जवळजवळ नाही. तो चमचा सतत भरत राहावा लागतो. जेवणानंतर तो अन्नातून भरतो, जेवण लांबलं की यकृतातून. यकृत साखर बनवतं आणि साठवतं हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांनी दाखवलं. त्या कोठारात साधारण शंभर ग्रॅम माल असतो, आणि आपण झोपेत असतो तेव्हा रात्रभर तो थोडा थोडा रक्तात उतरत राहतो.

रक्तातली साखर एका डेसिलिटरमागे ८०-८५ मिलिग्रॅमच्या खाली सरकू लागली की स्वादुपिंड इन्सुलिनचा हात आखडतं. ६५-७०च्या आसपास ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनालिन रक्तात उतरतात. हे सगळं माणसाला कळायच्या आधी घडतं. पन्नाशीच्या जवळ आल्यावर मात्र थरथर, धडधड, घाम, जीव घाबरा होणं, भुकेने कासावीस होणं हे सगळं एकदम अंगावर येतं. त्याखाली गेलं की मेंदूचंच काम अडखळू लागतं: शब्द सापडत नाहीत, रस्ता ओळखीचा वाटत नाही. हे आकडे माणसागणिक थोडे पुढेमागे होतात, क्रम सहसा हाच राहतो. हाका आधी घातल्या जातात, त्या ऐकणारा मेंदू शुद्धीवर असतो तेव्हाच.

अ‍ॅड्रेनालिन एकाच वेळी अनेक दारं ठोठावतं. यकृताला कोठार उघडायला लावतं, स्नायूंचा साखरेचा वापर आवरतं, चरबी वितळवायला घेतं आणि हृदयाला पळायला लावतं. हाताचा कंप तर प्रत्येकाच्या बोटांत एरवीही असतो, सेकंदाला आठ ते बारा वेळा, डोळ्यांना न दिसणारा. स्नायूंमध्ये अ‍ॅड्रेनालिन पोचलं की तोच मोठा होऊन दिसू लागतो. घामाची वाट निराळी. तो मज्जातंतूंच्या टोकांना सुटणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिनमुळे येतो. ही वेगळी वाट लक्षात ठेवायला हवी. पुढे माझ्या आत्याच्या बाबतीत तीच कामी आली.

भुकेची धडधड रक्तातून आलेल्या अ‍ॅड्रेनालिनची असते, हे कसं कळलं? १९२४ साली बोस्टनमध्ये वॉल्टर कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या हृदयाकडे जाणारे मज्जातंतू तोडले. आता त्या हृदयाला मेंदूकडून थेट निरोप मिळण्याची सोय उरली नाही. मग इन्सुलिन देऊन रक्तातली साखर उतरवत नेली. सत्तरच्या आसपास ते एकाकी पडलेलं हृदय जोराने धावू लागलं, कारण निरोप रक्तातून आला होता. इन्सुलिनचा शोध लागून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. प्रयोग क्रूर आहे, तो सांगताना त्या मुक्या जनावरांची आठवण ठेवायलाच हवी. पण शरीर स्वतःला वाचवायला किती आटापिटा करतं, याचा इतका स्पष्ट पुरावा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

हृदयाविषयीचा असाच एक मोठा तपास त्याआधी आमच्या गावात झाला होता. आबिड्स ज्याच्या नावाने ओळखलं जातं तो अल्बर्ट आबिद सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा खासगी सेवक. आर्मेनियन ज्यू. त्याने इथे मोठं दुकान काढलं. दुकान केव्हाच गेलं, नाव चौकाला चिकटून राहिलं. त्याच महबूब अली खानांच्या आश्रयाने १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. शस्त्रक्रियेच्या टेबलावर क्लोरोफॉर्म हुंगवताना धडधाकट रोगी अचानक दगावत. मृत्यू श्वास थांबल्याने येतो की हृदय थांबल्याने, हा वाद होता. इथल्या मेडिकल स्कूलचे प्रमुख सर्जन एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की आधी श्वास थांबतो. दुसऱ्या कमिशनसाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले, त्यांच्या खर्चासाठी निजामांनी एक हजार पौंड दिले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निकाल लॉरींच्या बाजूने लागला: श्वासाकडे पाहा, नाडीची चिंता नको.

निकाल अपुरा होता. अ‍ॅड्रेनालिन शुद्ध स्वरूपात हाती आलं १९०१ साली, जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांच्याकडून. आणि १९११ साली, महबूब अली खान वारले त्याच वर्षी, गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असताना अ‍ॅड्रेनालिन रक्तात उसळलं तर हृदय नुसतं फडफडत राहून बंद पडू शकतं. भेदरलेला माणूस गुंगीच्या उंबरठ्यावरच का जात होता, याचं उत्तर बऱ्याच अंशी त्यात होतं. भुकेल्या माणसाच्या बोटांत थरथरतं ते हेच द्रव्य. ते जपून वापरण्याचं आहे, शरीरालासुद्धा. म्हणून शरीर आधी इन्सुलिन कमी करून पाहतं, ग्लुकागॉन पाठवतं, आणि त्यांच्या जोडीला हा पहारेकरी उठवतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पुस्तकांच्या फूटपाथवर थरथरणाऱ्या निरोगी माणसाची साखर त्या क्षणी मोजली तर ती बहुधा सत्तरच्या वरच निघते. रिकाम्या पोटावरचा कडक चहा, अपुरी झोप, ऊन, गोड खाऊन दोन-तीन तासांनी साखरेला लागलेला उतार, यांतलं काहीही तीच धडधड उठवू शकतं. ज्याची साखर महिनोन्महिने तीनशेच्या घरात राहिली आहे त्याला ती दीडशेवर आली तरी हात कापल्यासारखं होतं. आणि जेवूनही धडधड थांबत नसेल, भूक वाढत असून वजन उतरत असेल, तर थायरॉईड तपासावं. रक्त कमी असणं, हृदयाचे ठोके चुकणं हेही असू शकतं. दर धडधडीला भुकेच्या खात्यात टाकणं धोक्याचं आहे.

मला मात्र भीती वाटते ती धडधड न होण्याची. अशा शांततेची एक तऱ्हा लांबलेल्या उपोषणात दिसते.

पोट्टी श्रीरामुलूंनी १९ ऑक्टोबर १९५२ला मद्रासमध्ये वेगळ्या आंध्र राज्यासाठी उपोषण मांडलं आणि ५८ दिवसांनी, १५ डिसेंबरच्या रात्री, त्यांनी प्राण सोडला. भाषावार राज्यांची गाडी तिथून निघाली, आणि १९५६च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याची शिवण उसवून मराठवाडा मुंबई राज्यात गेला. माझं आजोळ नांदेडचं. ते तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. एका माणसाच्या भुकेशी माझ्या घराचा नकाशा असा जोडलेला आहे. अशा उपोषणात यकृताचं कोठार दिवसभरात रिकामं होतं. मग शरीर चरबीपासून कीटोन बनवतं, काही दिवसांत मेंदू बराचसा त्यांवर चालू लागतो. भुकेची धार बोथट होते, नाडी मंदावते. पहिल्या दिवसांची तगमग शमल्यावर उपोषण करणारा शांत दिसतो, आणि त्या शांततेत त्याचे स्नायू, हृदयाचे स्नायूसुद्धा, झिजत असतात.

दुसरी शांतता मी बडी चावडीत आत्याच्या घरी पाहिली. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे. शुगरची गोळी ग्लिमेपिराइड, बीपीची अटेनोलॉल. त्या संकष्टीला गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या, पोटात मात्र सकाळपासून पाणीच. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेते. समोर अन्न आहे की नाही, हे तिला कळत नाही. अटेनोलॉलसारखी औषधं अ‍ॅड्रेनालिनच्या हाकेला हृदयाचे कान झाकतात, म्हणून धडधड उठली नाही. आत्या खुर्चीत स्वस्थ बसून होती. मला तिने माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली, आणि तिचा ब्लाउज पाठीवर घामाने भिजलेला होता. घाम कोणाच्या अडवण्यात आला नव्हता. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४८. ती शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, पुन्हा पाजली. पेढा किंवा चॉकलेट अशा वेळी नको, त्यातली चरबी साखरेला उशीर करते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात तर काहीच घालू नये, त्याला तडक दवाखान्यात न्यावं. या गोळ्यांचा जोर दिवसभरही टिकू शकतो, तेव्हा साखर वर आली तरी जेवू घालून रात्रभर लक्ष ठेवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिची गोळी बदलली. "अम्मा, उपास धरण्याच्या आधी मला विचारायचं, नंतर नाही," असं ते आपल्या तेलुगू वळणाच्या हिंदीत तिला म्हणाले. रमजानमध्ये त्यांच्याकडे याच प्रश्नाची रांग लागते. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, आणि बोट टोचून साखर पाहिल्याने रोजा मोडत नाही असं अनेक उलेमांनी सांगितलं आहे, तरी लोक इफ्तारपर्यंत दम धरतात, कारण सूट घेणं हे त्यांना हार मानण्यासारखं वाटतं. आत्यालाही तसंच वाटत होतं. मी तिच्याशी वाद घातला नाही. कॅननच्या त्या मांजरांची गोष्ट सांगितली, तोडलेल्या मज्जातंतूंची, तरीही धावलेल्या हृदयाची. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझं ओरडत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं."

संकष्टी ती अजून धरते. दुपारी वाटीभर दही आणि केळं खाते, संध्याकाळी बोट टोचून आकडा मला फोनवर सांगते. सत्तरच्या खाली आला तर चंद्रोदयाची वाट पाहत नाही.