पूर्ण अध्याय वाचा, ताई

माझ्या धाकट्या आत्याला मधुमेह आहे. रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात संजीवन सभा भरल्या होत्या. शेवटच्या रात्री बाहेरगावाहून आलेल्या प्रचारकाने आजाऱ्यांना पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि यशयाच्या ५३व्या अध्यायातलं, बरं होण्याविषयीचं वचन सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतलं. मग म्हणाला, या वचनावर ज्याचा विश्वास आहे त्याला सुईची गरज नाही. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. आत्याने घरी येऊन इन्सुलिन बंद केलं. थोड्याच दिवसांत तिला बेशुद्धावस्थेत दवाखान्यात न्यावं लागलं.

ती वाचली. पण घरी आल्यावर तिला एकच गोष्ट खात होती, आपला विश्वास कमी पडला. जेवण जाईना. प्रार्थनेला बसली की रडू यायचं. डॉक्टरांनी साखर आटोक्यात आणली होती, पण हे दुखणं त्यांच्या हातचं नव्हतं.

त्यावर औषध केलं आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त परिचारिकेने. नगरमध्ये त्यांना आम्ही सगळ्या सिस्टरच म्हणतो. त्या आत्याच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी बायबल उघडलं. प्रचारकाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. आधी यशयाचाच ३८वा अध्याय काढला. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. देवाने त्याला आणखी १५ वर्षं आयुष्य दिलं, आणि त्याच यशयाने त्याच्या गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला सांगितलं. मग तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र: पौल त्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. दुसऱ्या पत्राच्या शेवटी तोच पौल कळवतो, की त्रफिमाला मी मिलेतात आजारी ठेवून आलो. ज्या पौलाच्या हातून कितीतरी आजारी बरे झाले, त्याने आपल्या सोबत्याला आजारी सोडलं, आणि त्याचा विश्वास कमी होता असं कुठेही म्हटलं नाही. शेवटी कलस्सैकरांस पत्रातला लूक, पौलाचा लाडका वैद्य. ‘वैद्याच्या हातचं शुभवर्तमान आपण वाचतो, आणि वैद्याचं औषध नको म्हणायचं?’ सिस्टर म्हणाल्या. आत्याने ५३वा अध्याय काढून दाखवला, पण इथे तर लिहिलंय. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पूर्ण अध्याय वाचा, ताई. एक ओळ नको. पूर्ण वाचा आणि तो कशापासून बरं होण्याबद्दल बोलतोय ते पाहा.’ तो अध्याय आमच्या पापांबद्दल आणि ती वाहणाऱ्या सेवकाबद्दल आहे. आत्याने तो दोनदा वाचला. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आमचा गुरुवारचा अभ्यास तिथून सुरू झाला.

आमच्या मंडळ्यांत वचनांची कमी नाही. ती कॅलेंडरवर असतात, लग्नपत्रिकेवर असतात, रिक्षाच्या मागच्या काचेवर असतात, सकाळी डोळे उघडायच्या आत फोनवर येऊन पडलेली असतात. एकतीस डिसेंबरच्या रात्री वर्षान्ताची उपासना होते, बारा वाजले की वचनांच्या चिठ्ठ्यांचं तबक फिरतं, आणि ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल ते त्याचं वर्षाचं वचन. मला ही प्रथा मनापासून आवडते. नव्या वर्षात पाऊल टाकताना देवाचा एक शब्द सोबत असावा, ही ओढ खरी आहे. पण चिठ्ठीवर एक ओळ मावते. ती कुणी, कुणाला, कोणत्या संकटात म्हटली ते मावत नाही.

आमच्यातल्या एका बाईंना त्या तबकात यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन मिळालं होतं. देवाने तुमच्यासाठी भलं योजलं आहे, अशा अर्थाचं हे वचन आपल्याकडे घरोघरी पाठ आहे. त्याच वर्षी पावसाळ्यात त्यांचा मुलगा पुणे रस्त्यावर अपघातात गेला. बाईंनी चर्चला येणं सोडलं. भेटायला गेलेल्यांना म्हणायच्या, देवाने मला शब्द दिला आणि मोडला. समजूत घालायला गेलेल्यांनी आणखी वचनं सांगितली, तेव्हा तर त्यांनी दार लावून घेतलं.

शेजारणीच्या आग्रहाने त्या गुरुवारी येऊ लागल्या तेव्हा आमचा यिर्मयाच चालला होता. २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात उभा राहून सांगतो, दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल, नेलेले सगळे परत येतील. लोकांना तेच हवं होतं. यिर्मया सांगतो ते कुणालाच नको होतं. इ. स. पू. ५९७ मध्ये जे धरून नेले गेले, त्यांना तो पत्र पाठवतो: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला कैद करून नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण ७० वर्षं लागणार आहेत. हे सगळं झाल्यावर मग ते ११वं वचन येतं.

बाई बराच वेळ पानाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे हे पत्र ज्यांना आलं, त्यांच्यातले बरेच जण तिथेच मेले.’ सिस्टर म्हणाल्या, हो. ‘आणि तरी देव त्यांना म्हणतो, तुमचं भलं योजलंय.’ हो. कुणी उपदेश केला नाही. आम्ही तोच अध्याय पुन्हा वाचला. त्यांचा मुलगा का गेला याचं उत्तर त्या पानावर नाही, आणि ते आहे असं भासवणं हे पाप ठरलं असतं. पण देवाने आपल्याला फसवलं हा आरोप त्या दिवशी त्यांच्या मनातून गेला. पुढच्या आठवड्यात त्यांनी आपणहून विलापगीत काढलं. देवापुढे इतका मोठा आक्रोश पवित्र शास्त्रात आहे, हे इतक्या वर्षांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून मला वाटतं, वचन पाठ असणं आणि शास्त्र माहीत असणं यात फार अंतर आहे. रानात प्रभूची परीक्षा झाली तेव्हा सैतानानेही ९१व्या स्तोत्रातलं वचनच काढून दाखवलं होतं. वचन खरंच होतं, पण ज्या कामासाठी काढलं ते काम खोटं होतं. प्रभूने तिन्ही उत्तरं अनुवादाच्या पुस्तकातून दिली, आणि तीही सहाव्या आणि आठव्या अशा जवळजवळच्या अध्यायांतून. ते पुस्तक त्याच्या अंगी मुरलेलं होतं. बिरुयातल्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्राशी ताडून पाहिलं, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची त्यासाठी वाखाणणी आहे. प्रेषिताला जो नियम लागतो, तो तंबू ठोकून सभा घेणाऱ्याला का लागू नये?

मराठी ख्रिस्ती माणसाला तर हे वेगळं सांगायला नको. आपले पूर्वसूरी वाचून आले. नारायण वामन टिळकांना राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला. ते वाचत गेले, डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधल्या काळात त्यांनी शंका काढल्या, वाद घातले, पुन्हा वाचलं. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षं बायबलच्या भाषांतरात घातली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. दौंडजवळच्या केडगावात मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनीच ते छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून त्यांनी हा खटाटोप केला. आपल्याला ते जन्मतःच घरात मिळालं, आणि बहुतेक घरांत ते उशाशी असतं, मांडीवर नसतं.

आमची पद्धत साधी आहे. एका बैठकीला एकच अध्याय. आळीपाळीने मोठ्याने वाचायचा. कोण बोलतंय, कुणाशी, आधी काय झालं, हे कळेपर्यंत ‘मला यातून काय मिळालं’ असं कुणी म्हणायचं नाही. काही अडलं तर पाळकसाहेबांना विचारतो. त्यांनाही अडलं तर ते पुढच्या वेळी वाचून येतात. लिहितावाचता न येणाऱ्या बायाही असतात, आणि वाचणारीच्या नजरेतून निसटलेलं नेमकं त्याच पकडतात.

रूथच्या वेळी हे फार जाणवलं. पाथर्डीकडच्या एक मावशी लहानपणी आईबरोबर सरवा वेचायला जायच्या. ज्वारी निघाली की लोकांच्या रानात पडलेली कणसं गोळा करायची, त्यावर घर चालायचं. दुसरा अध्याय वाचताना त्यांनी आम्हाला थांबवलं. ‘बवाजानं गड्यांना आधी काय सांगितलं? तिला हात लावू नका. परमुलखातली तरणी बाई, संगं कोण नाही, अन् रानात सगळे गडी. ते त्यानं उगंच नाही सांगितलं.’ पुढे बवाज गड्यांना सांगतो, पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम तिच्यासाठी गळू द्या. त्यावर मावशी म्हणाल्या, ‘हातात दिलं असतं तर भीक झाली असती. वेचलं म्हंजे तिच्या कष्टाचं.’ रूथवरचे उपदेश मी लहानपणापासून ऐकत आले आहे. हे मला एकाही उपदेशातून मिळालं नव्हतं.

सिस्टरांनी मग आम्हाला लेवीयच्या १९व्या अध्यायात नेलं. लेवीय म्हटलं की लोक पानं उलटतात, पण तिथे स्पष्ट आज्ञा आहे: शेताचे कानेकोपरे कापू नका, पडलेला सरवा उचलू नका, तो गरिबासाठी आणि परदेशीयासाठी ठेवा. म्हणजे बवाज मोठ्या मनाचा होताच, पण रूथचं त्या रानात येणं ही त्याची मेहेरबानी नव्हती. शास्त्राने तिला तो हक्क दिला होता. आणि याच मवाबी बाईचं नाव मत्तयाच्या पहिल्या अध्यायात, प्रभूच्या वंशावळीत आहे, जी वंशावळ आपण नावांची यादी म्हणून ओलांडून जातो.

आमच्यात एका ताईंची बागायत आहे. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे कांदा काढल्यावर बाया वेचायला येतात, तर आमचा गडी त्यांना हाकलतो. त्याला काय सांगू?’ मावशींनी लगेच उत्तर दिलं, ‘हाकलू नको म्हणा.’ मग नोकरी करणाऱ्या एकीने विचारलं, आमच्या पगाराला कोपरा कुठला? कुणी दशांशाचं नाव घेतलं, तर कुणी म्हणालं दशांश वेगळा आणि कोपरा वेगळा, कारण कोपरा कुणी नेला ते मालकाला कळतही नाही. यावर अजून एकमत झालेलं नाही. म्हणूनच रूथनंतर आम्ही आमोस घेतला. नऊच अध्याय आहेत, पण दुसऱ्यातच गरिबाला एका जोड्यासाठी विकणाऱ्यांचा हिशेब निघतो, आणि सध्या आम्ही तिथेच अडकलो आहोत.