आबांचा हिशेब

दिवाळीच्या अंकात दिवे मालवण्याविषयी लिहिणे शिष्टसंमत नव्हे, हे मी जाणतो. पण आमच्या घरी दिवाळी जवळ आली की नेमका हाच वाद पेटतो, त्याला मी तरी काय करणार?

गेल्या वर्षी आमचे आबा साताऱ्याचे बिऱ्हाड आवरून सांगलीला माझ्याकडे राहायला आले. वय पंचाहत्तरीला टेकलेले, जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलेला. कोणी खोलीतून बाहेर पडले, मग तो पाहुणा का असेना, की त्याच्या पाठोपाठ बटण बंद करायचे, हे त्यांचे व्रत. लहानपणी मला तो चिक्कूपणा वाटे. मराठीचा प्राध्यापक झाल्यावर मी त्याला काटकसर म्हणू लागलो. एवढाच काय तो शिक्षणाचा फायदा!

कोयनेच्या धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा आबा दहा-अकरा वर्षांचे होते. गाव, शेत, देवळापुढचा पार, सारे शिवाजीसागरात गेले. 1962 साली सह्याद्रीपलीकडे पोफळीला वीज निघू लागली आणि ती दूर शहरांकडे, कारखान्यांकडे गेली. डोंगराच्या वरच्या अंगाला सरकलेल्या आमच्या वस्तीवर मात्र पुढे कित्येक वर्षे रॉकेलची चिमणीच होती. आबा हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. ते हिशेब सांगतात. साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून पाणी खाली सोडायचे. तसे सुमारे नऊशे लिटर पाणी पडले की एक युनिट वीज होते. ते पाणी पुढे वाशिष्ठीतून समुद्राला मिळते, परत येत नाही.

त्यामुळे 2015 साली सरकारची उजाला योजना निघाली आणि एलईडी दिवे स्वस्तात मिळू लागले, तेव्हा आबा साताऱ्यात विजेचे बिल घेऊन सकाळीच रांगेत उभे होते. साठ वॅटच्या दिव्याचे काम नऊ वॅटमध्ये! एखाद्या सरकारी योजनेची त्यांनी मनापासून स्तुती केलेली मी तेवढीच ऐकली.

खरा प्रसंग उद्भवला तो यंदाच्या एप्रिलात. आमच्या सदनिकेची पश्चिमेची बाजू जवळजवळ सगळी काचेची. घर घेताना त्या काचेवर मीच भाळलो होतो, कारण तिच्यातून सूर्यास्त दिसतो. सूर्यास्तापूर्वी सूर्य चार तास तिथेच उभा असतो, हे मात्र ध्यानात आले नाही. आबांना रात्री झोप लागेना. मी एसी घ्यायचे ठरवले, तोही पाच ताऱ्यांचा. दुकानात आबांनी चष्मा लावून यंत्रावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली : सोळाशे तासांना सुमारे आठशे युनिट.

“म्हणजे सात लाख लिटर,” ते म्हणाले.

“आबा, तीन ताऱ्यांवाला याहून जास्त पितो.”

“असेल. पण घराला किती तारे आहेत?”

या प्रश्नाने मी असा डिवचलो गेलो की 2018 ची इको निवास संहिता मिळवून वाचली. संहिता हा शब्द मी आजवर नाटकाच्या संदर्भातच वापरत आलो होतो. तिच्यात लिहिले आहे की भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी 15 वॅटच्या वर असू नये. माझी काच त्या परीक्षेला बसली असती तर नापासच झाली असती! आमच्या साताऱ्याच्या घराच्या भिंती हातभर जाड होत्या. घर थंड असे. अर्थात ते दुपारीही अंधारे असे आणि पावसाळ्यात गळे, तेव्हा त्याचे गोडवे मी गाणार नाही.

शेवटी काचेच्या बाहेरून बांबूचे पडदे सोडले. आतून लावले तर ऊन आधीच काच ओलांडून घरात शिरलेले असते. 2023 पासून छतपंख्यांवरही तारे सक्तीचे झाले आहेत. जुने पंचाहत्तर वॅटचे पंखे काढून तिशीतले बसवले. एसीही घेतलाच. ही नवी यंत्रे सुरू होताच आपोआप 24 अंशांवर येतात. आबा उठून ती 27 वर नेतात. सूनबाईंचा आणि त्यांचा करार 26 वर झाला आहे.

परवा गॅलरीत आकाशकंदील लावला. रात्री आबांच्या आधी आपणच बटण बंद करावे म्हणून मी उठलो, तर ते तिथे आरामखुर्चीत बसलेले.

“किती वॅटचा आहे रे?”

“नऊ.”

ते थोडा वेळ बोटांवर मोजत राहिले. “सकाळपर्यंत पाच-सहा घागरी होतील. राहू दे. तेवढं आमच्या हिश्श्याचं पाणी समज.”