एक पाटा जास्त

मिस्त्रीच्या मते मागे एक पाटा जास्त चढवला की विषय संपतो. मला तो तिथून पुढे वाढताना दिसतो.

ऑम्नीच्या मागच्या चाकांवर कमानीचे पाटे असतात. त्यांनी चार माणसं आणि चार पिशव्या पेलाव्यात अशी बनवणाऱ्यांची कल्पना असणार. आम्ही त्या गाडीत झोपायची फळी, गाद्या, शेगडी, पाण्याची टाकी असं अख्खं बिऱ्हाड भरलं. आता ती मागून बसल्यासारखी दिसते आणि इथे कलकत्त्याच्या डमडमला, जेसोर रोडवरच्या प्रत्येक खड्ड्यात मागून ‘ठक्’ असा आवाज येतो. मिस्त्री म्हणतो, "दादा, पाती बसून गेलीय." बायको म्हणते, सामान जास्त आहे. खालच्या मजल्यावरचे बाबू म्हणतात, रस्ताच वाईट आहे, आणि लगेच हसून नाचता न येणाऱ्या बाईची आणि वाकड्या अंगणाची म्हण ऐकवतात. ती त्यांच्या बंगालीतही जशीच्या तशी आहे. मलाच टोमणा होता, पण तेव्हापासून ती म्हण डोक्यातून जात नाही.

त्या म्हणीत अंगणाची बाजू कुणी तपासलेलीच नाही. अंगण बोलत नाही, म्हणून त्याला निर्दोष धरून चाललो आहोत. पण अंगण खरोखरच वाकडं असतं. आमच्या गावच्या घराचं अंगण तुळशीपासून मोरीकडे उतरत गेलेलं होतं, आणि ते मुद्दाम. नाहीतर आषाढात पाणी ओसरीवर चढलं असतं. सारवताना आजीचा हात तो उतार बरोबर राखायचा. कुणी पाहुण्यानं पाट मांडला की तो एका बाजूला कलायचा आणि पाहुणा पाटाला नावं ठेवायचा. म्हणजे पहिल्यांदा ज्या बाईनं तक्रार केली, तिचं निरीक्षण अचूक होतं. तिला नाचता येत नव्हतं हेही खरं असेल. दोन्ही एकाच वेळी खरं असणं म्हणीला परवडत नाही. तिला कुणाला तरी हसायचं असतं. आणि जिला नाचता येत होतं, तिनं काय केलं असेल? तिनं उतार ओळखून उताराकडचा पाय जरा जपून टाकला असेल. मग तिला उत्तम नाचता येत होतं असं म्हणायचं, की अंगण नीट वाचता येत होतं असं?

रस्त्याचंही तेच. चांगला डांबरी रस्तासुद्धा मधे उंच आणि कडांना उतरता ठेवतात, शंभराला साधारण दोन-अडीच, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालवतो, तेव्हा गाडी जन्मभर जराशी डावीकडे कललेली. मिस्त्री म्हणतो, डावा पाटा नेहमी आधी थकतो. आमची पाण्याची टाकीही डावीकडेच आहे. यातलं अंगण कोणतं आणि पाय कोणता, हे मला सांगता येत नाही.

पाट्यांचं गणित तसं भोळं आहे. वजन दुप्पट केलं की पाटा दुप्पट दबतो. हूकनं हे १६७८ साली छापलं. पुढे १८०४ साली लंडनच्या ओबाडाया इलियटनं घोडागाडीखाली लंबवर्तुळाकार कमानी बसवून पेटंट घेतलं. त्याआधी बसायचा डबा चामड्याच्या पट्ट्यांवर टांगत. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे स्वार भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालवर आले, त्यांना तेवढंही नव्हतं. घोड्याची पाठ आणि स्वाराचे गुडघे, संपलं. (त्यांच्या धास्तीनं कलकत्त्याला खणलेला खंदक अर्धवटच राहिला. इथे कुणी आडनाव विचारलं की मी अजून जरा जपून सांगतो.) आणि आमच्याकडे उसाच्या फडातून निघणाऱ्या डनलॉपच्या बैलगाडीला आजही कमान नसते. टायरमधली हवा हीच तिची गादी. ते डनलॉप इथल्याच हुगळीकाठच्या साहागंजला १९३६ पासून टायर करायचं.

डमडम हे नाव मी पहिल्यांदा वाचलं ते तबकडीच्या लेबलावर, बारीक अक्षरांत. ग्रामोफोन कंपनीचा कारखाना १९२८ साली सियालदाहून इथे आला. त्याआधी, अगदी सुरुवातीला, गौहरजानचा आवाज १९०२ साली कलकत्त्यात मुद्रित झाला तरी तबकडी जर्मनीत हॅनोव्हरला दाबून जहाजानं परत यायची. मग लाखेच्या तबकड्या इथेच निघू लागल्या आणि त्यानंतर प्लास्टिकच्या. आमच्या घरातलं गाणं डमडमहून येतं, एवढंच मला कळायचं. आता इथे राहायला आल्यावर वाटतं, या गावानं कित्येक वर्षं खडबडीत रस्तेच बनवले. तबकडीवरची खाच म्हणजे दुसरं काय? सुई त्या खाचेतून जाते, बारीक धक्के खाते, आणि त्या धक्क्यांचंच गाणं होतं. रस्ता गुळगुळीत केला तर गायक गप्प.

पण तबकडी उन्हात वाकली की पंचाईत. आमच्याकडे एक होती, फिरताना लाटेसारखी वरखाली व्हायची, तरी वाजायची. कारण सुई ज्या दांडीला असते तिला लाट आणि गाणं यांतला फरक करावा लागतो. लाटेबरोबर सगळी दांडी वर उचलली जायची; गाण्याचे बारीक धक्के मात्र सुईनं एकटीनं घ्यायचे. सुईमागची लवचीक पट्टी आणि दांडीचं वजन यांचा मेळ असा जमवतात की तिचं स्वतःचं डोलणं सेकंदाला दहाच्या आसपास राहावं, तबकडीच्या लाटेहून वर आणि कानाला ऐकू येणाऱ्या स्वराच्या खाली. मोटारीचं उलटं. तिची पाठ सेकंदाला एक-दीड वेळा हलली तर माणसाला बरं वाटतं म्हणतात, आपल्या चालण्याच्या जरा खालची लय. तिनं चढउतार तेवढे पोचू द्यायचे आणि बारीक खडखड खालीच जिरवायची.

म्हणजे पाटा चढवायचा की नाही, याआधी रस्त्यातलं काय ऐकायचं ते ठरवायला हवं. हे मिस्त्रीला कसं सांगायचं! त्याच्यापुढे सोपा हिशेब आहे: पाटा जास्त, तर बसलेली गाडी उठेल. पण मग रिकामी असताना ती दगडासारखी उडेल आणि पाट्यानं न घेतलेला धक्का बॉडीच्या जोडांनी घ्यायचा. जुन्या पत्र्याचा मला भरवसा नाही. जुन्या पाट्यांची आणखी एक गंमत आहे. ते एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच थोडं डोलणं विरतं. नवा पाटा त्यांच्यात मिसळायला किती दिवस घेईल? आणि ठक् आवाज पाट्याचा नसून नुसत्या झिजलेल्या बुशचा असला तर? किंवा शॉकअप गेले असतील. तेव्हाही गाडी अशीच आपटते.

खरगपूर, संबलपूर, रायपूर, नागपूर असं घरी जायचं ठरतंय. त्याआधी गाडी वजनकाट्यावर न्यावी, पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी मोजावीत, असा माझा बेत आहे. तो सांगितल्यावर बायकोनं विचारलं, टाकी भरून मोजणार की रिकामी? निघताना भरलेली असते, नागपूरपर्यंत निम्मी होते, आणि तिथून परत भरायची की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही. शिवाय तिचा भाऊ रायपूरला चढणार असं म्हणतोय. त्याचं वजन विचारायला ती तयार नाही.