खांद्याला विचारून घ्या!

मैत्रिणींनो, घरात नवा कुकर घ्यायचा ठरला की सगळं घर आपल्या तोंडाकडे पाहतं. तीन लिटरचा की पाच लिटरचा, झाकण आतलं की बाहेरचं, हे आपल्याला विचारल्याशिवाय कुणी दुकानाची पायरी चढत नाही. पण तीच वस्तू पडद्याची आणि कळफलकाची असली, की आपण आपोआप बाजूला पडतो! मग बोलतात ते घरातले पुरुष, त्यांचे मित्र आणि नुकतंच मिसरूड फुटलेले चिरंजीव. वापरणार कोण, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. कधी कधी तर येतच नाही.

आमच्याकडे लॅपटॉप घ्यायचं निघालं तेव्हा अगदी असंच झालं. मी जवळच्या गावातल्या एका शाळेत अर्धवेळ मराठी आणि इतिहास शिकवते. संध्याकाळी घरी नववी-दहावीच्या मुलांची शिकवणी असते. या दोन्ही कमाईतून थोडे थोडे करून तीन वर्षं आवर्ती ठेवीत टाकत होते. ठेवीची मुदत भरली आणि हातात एक लाख रुपये आले. एवढी रक्कम माझ्या सहीनं, माझ्या नावावर, आयुष्यात पहिल्यांदाच!

घरातला जुना लॅपटॉप २०१६ सालचा. त्याची बॅटरी केव्हाच मान टाकून बसली होती. पिन जरा हलली की लिहिलेलं सगळं अंधारात. शिवाय त्यावर विंडोज १० होतं, आणि त्याला मिळणारा कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढचं विंडोज ११ त्या जुन्या यंत्रावर चढेना. तेव्हा नवा घ्यायला हवा, यावर घरात एकमत झालं. मतं फुटली ती कोणता घ्यायचा यावर!

धाकटे भावजी पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहेत. ते म्हणाले, "वहिनी, घ्यायचाच तर एकदम वरच्या दर्जाचा, पातळ आणि हलका घ्या. पुढची सहा-सात वर्षं बघायला नको." किंमत लाखाच्या आसपास! हे म्हणाले, "अगं, तुझं काम ते काय? प्रश्नपत्रिका टाइप करायच्या. तीस हजारांत मिळेल तो पुरे." चिरंजीवांना खेळ चालतील असा जाडजूड हवा होता. आणि सासूबाईंनी देव्हाऱ्यापुढूनच विचारलं, "मोबाइलवर होत नाही का गं ते सगळं?"

चौघांची चार मतं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण प्रत्येकानं यंत्राची किंमत सांगताना माझ्या कामाचीही किंमत करून टाकली होती! आणि माझ्या मनात वेगळाच हिशोब चालला होता. मी बी.ए. आहे, बी.एड. नाही, म्हणून शाळेत कायम होण्याचा प्रश्नच येत नाही. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आहे. वय पस्तिशीकडे झुकलेलं. आता नाही तर केव्हा? सगळा लाख यंत्रात घातला तर फी कुठून भरायची? आणि अगदी स्वस्तातला घेतला न् तो वर्षा-दोन वर्षांत धापा टाकायला लागला, तर त्या अभ्यासाचं लिखाण कशावर करायचं?

मी ठरवलं, दुकानात जायच्या आधी आपल्या दिवसाला विचारायचं.

योगायोगानं भावजी शेताच्या कामासाठी आठ दिवस रजा काढून आले होते. त्यांचा तो पातळ, महागडा लॅपटॉप त्यांनी मोठ्या मनानं माझ्या हवाली केला. "वापरून बघा, मग बोलू," म्हणाले. मी वाण्याच्या हिशोबाची असते तशी एक वही केली आणि रोज रात्री चार रकाने भरले. काय काम केलं, कुठे बसून केलं, किती वेळ लागला, आणि मोबाइलवर ते झालं असतं का?

आठवड्याचे एकूण तास भरले एकोणीस. त्यातले आठ प्रश्नपत्रिका आणि टिपणं टाइप करण्यात गेले. चार गुणांच्या तक्त्यांत, तीन ऑनलाइन शिकवणीत, अडीच वर्गात प्रोजेक्टरवर धडा दाखवण्यात आणि दीड सासूबाईंच्या पेन्शनच्या कागदपत्रांत. पेन्शनचं काम मोबाइलवर झालं असतं, हे मान्य. पण चाळीस मुलांचा गुणतक्ता चार बोटांच्या पडद्यावर भरून पाहा, म्हणजे डोळे काय म्हणतात ते कळेल! सासूबाईंना मी तो तक्ता मोबाइलवर उघडून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "घे बाई तुझा तो लॅपटॉप."

जागेचा रकाना सगळ्यांत बोलका निघाला. तेरा तास घरी, सहा तास शाळेत. जाहिरातीतली बाई विमानतळावर नाहीतर कॉफीच्या दुकानात बसून काम करत असते. मी एस.टी.त बसून किती केलं? शून्य मिनिटं. बसायलाच मिळत नाही तर मांडीवर काय घेणार!

पण एस.टी.त काम होत नसलं तरी ओझं असतंच ना? म्हणून मी दप्तरच वाण्याच्या वजनकाट्यावर ठेवलं. पाण्याची भरलेली बाटली एक किलोच्या वर, डबा सहाशे ग्रॅम, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पाऊण किलो. त्यात जुना लॅपटॉप त्याच्या विटेएवढ्या चार्जरसह दोन किलो सहाशे. भावजींचा चार्जरसकट दीड किलोच्या आतच. म्हणजे खांद्यावरून किलोभर उतरलं! बसस्टँडपासून शाळा पाऊण मैल, जाताना आणि येताना. आठ दिवसांत मानेची ती नेहमीची कळ आली नाही, तेव्हा पटलं की हलकेपणा ही काही केवळ चैन नव्हे.

या हलकेपणाचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. १९८१ साली ऑस्बोर्न १ नावाचा उचलून नेता येणारा संगणक निघाला. त्याचं वजन होतं सुमारे ११ किलो! आपली धान्याची भरलेली कोठी उचलावी तसाच प्रकार. पुढे जानेवारी २००८मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी भर सभेत कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. त्याचं वजन १.३६ किलो होतं. तेव्हा ती नवलाई होती आणि तिची किंमतही तशीच होती. २०११मध्ये इंटेलनं अशा पातळ यंत्रांना 'अल्ट्राबुक' हे नाव दिलं आणि इतर कंपन्याही त्या वाटेनं गेल्या. आज सव्वा ते दीड किलोची यंत्रं मधल्या किमतीतही मिळतात. तेव्हा नुसत्या हलकेपणासाठी लाख मोजायला हवेत, असं राहिलेलं नाही.

मग वरच्या दर्जाच्या यंत्रात जास्तीचं काय मिळतं? धातूचं अंग, फार देखणा पडदा, दिवसभर पुरणारी बॅटरी, जड कामाला वेग आणि आवाज न करणारं शांत चालणं. गुण खरे आहेत, मी वापरून सांगते. पण माझ्या वहीत त्यांतले किती उतरले?

बॅटरीचंच घ्या. शाळेच्या शिक्षक खोलीत एकच प्लग आहे आणि त्यावर चहाची किटली! सलग चार तास विजेविना काढावे लागतात, म्हणजे माझी गरज पाच तासांची. याचा हिशोब विजेच्या बिलासारखाच सोपा आहे. बॅटरीवर 'वॉट-अवर' असा आकडा असतो. समजा तो ५० आहे आणि लिहिण्या-वाचण्याच्या कामाला यंत्र ८ वॉट खातं. ५० भागिले ८, म्हणजे सव्वासहा तास. काही शे वेळा भरून-उतरून झाल्यावर बॅटरीची ताकद ८० टक्क्यांवर आली, तरी पाच तास निघतात. जाहिरातीतल्या पंधरा-अठरा तासांवर जाऊ नका. ते आकडे बहुधा पडदा मंद ठेवून, एकच हलकं काम चालवून काढलेले असतात.

दुसरी गोष्ट रॅमची. भावजींनी इंग्रजीत समजावलं, मी ते स्वयंपाकघरात आणून ठेवलं. रॅम म्हणजे आपला ओटा आणि एसएसडी म्हणजे फडताळ. फडताळात सामान साठवतो. ओट्यावर एका वेळी जेवढं मांडता येतं तेवढाच स्वयंपाक सुचतो. ओटा लहान असला की परात उचल, पोळपाट ठेव, असं चालतं. यंत्र रेंगाळतं ते असं. फडताळ कमी पडलं तर बाहेरून डबा जोडता येतो, म्हणजे वेगळी डिस्क किंवा पेनड्राइव्ह. पण बहुतेक पातळ यंत्रांत रॅम पाटीवरच डाकलेली असते. घर बांधल्यावर ओटा वाढवता येत नाही, तसंच हे! म्हणून रॅम घेतानाच १६ जीबीची घ्यावी आणि काटकसर दुसरीकडे करावी. तीस हजारांच्या यंत्रांत मला ८ जीबीच दाखवत होते, म्हणून ह्यांचं मत तिथेच मागे पडलं.

तिसरी गोष्ट बारीक, पण रोज टोचणारी. भावजींच्या यंत्राला दोनच चपटी सी-टाइप भोकं. शाळेचा प्रोजेक्टर एचडीएमआयचा आणि मुख्याध्यापकांचा पेनड्राइव्ह जुन्या रुंद तोंडाचा. मधे जोडायला वेगळी पट्टी लागते, आणि ती नेमकी घरी राहते! ज्या यंत्राला ही दोन्ही तोंडं अंगचीच असतात, ते माझ्यासारखीला अधिक सोयीचं.

चौथी गोष्ट मराठीची. युनिकोडमधलं मराठी कुठल्याही यंत्रावर नीट दिसतं. पण शाळेतल्या कितीतरी जुन्या प्रश्नपत्रिका जुन्या फाँटमध्ये आहेत. तो फाँट नसला की 'शिवाजी महाराज' लिहिलेल्या जागी नुसती चिन्हांची खिचडी दिसते. शाळेच्या लेखनिकांकडची टाइपिंगची प्रणाली विंडोजवरच चालते आणि भावजींचं यंत्र विंडोजचं नव्हतं. घ्यायच्या आधी आपली चार जुनी कागदपत्रं पेनड्राइव्हवर घालून दुकानातच उघडून पाहावीत. दुकानदार नाही म्हणत नाहीत. म्हणाले, तर दुसरं दुकान आहेच!

आता भावजींचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं, हेही सांगते. एक लाखाचं यंत्र सहा वर्षं चाललं तर महिन्याला सुमारे १,३९० रुपये पडतात. ५८ हजारांचं पाच वर्षं चाललं तर सुमारे ९७० रुपये. फरक चारशे-सव्वाचारशेचा. जी बाई रोज आठ तास त्यावरच पोट भरते, दर आठवड्याला पुणे-मुंबई करते, चित्रफिती जुळवते, तिला हे चारशे रुपये मुळीच जड नाहीत. तिनं खुशाल घ्यावं, आणि मनात कसलीही टोचणी ठेवू नये. माझे मात्र आठवड्याचे तास एकोणीस. शिवाय महिन्याचा फरक लहान दिसला तरी पैसे आज एकरकमी जातात, आणि फीही एकरकमीच भरायची असते.

मी वही सगळ्यांपुढे ठेवली. ह्यांनी बँकेतली पत्रकं तपासावीत तशी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "एकोणीस तास? मला वाटायचं दोन-तीन तासांचं काम असेल." हे एवढं ऐकायला मिळालं, तिथेच वहीचे पैसे वसूल झाले!

शेवटी १४ इंची पडद्याचा, १.३५ किलोचा, १६ जीबी रॅमचा, एचडीएमआय आणि रुंद तोंडाचं भोक अंगचं असलेला लॅपटॉप घेतला. अठ्ठावन्न हजारांना पडला. पडदा भावजींच्या पडद्याइतका देखणा नाही, आणि झाकण धरलं की जरासं लवतं; ते मी डोळे उघडे ठेवून स्वीकारलं. उरलेले बेचाळीस हजार पुन्हा ठेवीत टाकले आहेत. त्या ठेवीचं घरात नाव पडलंय 'बी.एड.'. प्रवेश परीक्षेच्या तयारीची टिपणं रोज रात्री भांडी आवरल्यावर याच यंत्रावर काढते. चिरंजीवांना खेळ बसवायची परवानगी नाही!

मैत्रिणींनो, तुमच्या घरी असा विषय निघाला तर फार काही करू नका. आठ दिवस एक वही ठेवा. दप्तर काट्यावर ठेवा. सलग किती तास विजेविना काढावे लागतात ते मोजा. आपली जुनी कागदपत्रं दुकानात उघडून पाहा, आणि दुरुस्तीला यंत्र कुठल्या गावी न्यावं लागेल ते आधीच विचारा. मग उत्तर लाखाचं येवो, अठ्ठावन्न हजारांचं येवो, नाहीतर 'जुनाच चालेल' असं येवो. ते तुमच्या दिवसातून आलेलं असेल.

आणि हो, बिलावर नाव कुणाचं घालायचं, तेवढं दुकानात जाण्याआधीच घरी सांगून ठेवा. माझ्या बिलावर माझं आहे.