दुसऱ्या गायकाची बाजू

मेटल ऐकणाऱ्या चार जणांना एकत्र बसवा आणि हळूच विचारा, 'ब्लॅक सॅबथचा खरा गायक कोण?' चहा गार होईल, शेवटची कर्जत निघून जाईल, पण उत्तर मिळणार नाही. एक म्हणेल ऑझी, विषय संपला. दुसरा म्हणेल डिओ, कारण त्याला खरोखर गाता येत होतं. तिसरा मुद्दाम खोडी काढायला इअन गिलनचं नाव घेईल. आणि इतका वेळ गप्प बसलेला चौथा म्हणेल, 'टोनी मार्टिन.' यावर बाकीचे तिघं हसतील.

तो चौथा मी.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६८ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये कामगार वस्तीतली चार पोरं एकत्र आली. टोनी आयोमी गिटारवर, गीझर बटलर बेसवर, बिल वॉर्ड ड्रम्सवर आणि गायला ऑझी ऑझबर्न. पत्र्याच्या कारखान्यात आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायच्या त्याच हाताची बोटं गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि वाजवत राहिला. १९७० साली पहिला अल्बम आला. हेवी मेटल तिथून सुरू झालं, असं बहुतेक जण मानतात.

१९७९ मध्ये ऑझीला काढलं. त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८० च्या 'हेवन अँड हेल'ने बँडला नवा जन्म दिला. मग डिओ गेला. १९८३ साली डीप पर्पलचा इअन गिलन एका अल्बमपुरता आला. १९८६ साली ग्लेन ह्यूज. तो अल्बम खरं तर आयोमी स्वतःच्या नावाने काढणार होता, पण कंपनीला बँडचं नाव हवं होतं, म्हणून कव्हरवर दोन्ही छापलं. मग रे गिलन. आणि मग १९८७ साली टोनी मार्टिन, बर्मिंगहॅमचाच, सॅबथमध्ये येण्याआधी फारसं कुणाला माहीत नसलेला.

मार्टिनने सॅबथचे पाच स्टुडिओ अल्बम गायले. डिओने तीन. आकड्यांत पाहिलं तर ऑझीनंतर मार्टिनचाच नंबर. तरी २००६ साली बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा मानकरी होते मूळचे चौघंच. डिओही नाही, मार्टिन तर नाहीच.

मी कॉलेजात असताना मार्टिनचे बरेचसे अल्बम विकत मिळत नव्हते. स्ट्रीमिंगवरही नव्हते. १९८९ चा 'हेडलेस क्रॉस' मला सापडला तो यूट्यूबवर, कुणीतरी कॅसेटवरून उतरवून टाकलेला, मागे सतत खरखर. डोंबिवली ते सीएसएमटी मी तो इतक्या वेळा ऐकला, की नंतर स्वच्छ आवृत्ती मिळाली तेव्हा ती खरखर नसल्याचं चुकल्यासारखं वाटलं. एखादा अल्बम 'आउट ऑफ प्रिंट' असतो म्हणजे काय होतं, हे मला तेव्हा कळलं. तो वाईट ठरवला जात नाही. त्याच्याविषयी मत असायचीच सोय राहत नाही. आमच्या ग्रुपमध्ये मार्टिनवर हसणाऱ्या तिघांपैकी दोघांनी त्याचा एकही अल्बम पूर्ण ऐकलेला नव्हता.

म्हणून रिइश्यूवरचे वाद मला फालतू वाटत नाहीत. बाहेरच्या माणसाला वाटतं, काय ही पोरं, तोच अल्बम तिसऱ्यांदा विकत घ्यायचा आणि त्यावर भांडायचं. पण भांडण अल्बमवर नसतंच. इतिहास कुणाच्या आवाजात राहणार, यावर असतं.

यात दोन शब्द नेहमी एकमेकांच्या जागी वापरले जातात. रिमास्टर म्हणजे तयार गाण्याला कल्हई. भांडं तेच, चकाकी नवी, आणि आजकाल बहुतेक वेळा आवाज नको इतका चढवलेला. रिमिक्स म्हणजे मूळ टेपवर वेगवेगळे ठेवलेले ड्रम्स, बेस, गिटार, गळा पुन्हा बाहेर काढायचे आणि कुणी पुढे उभं राहायचं, कुणी मागे, हे नव्याने ठरवायचं. आणि एक तिसरा प्रकार असतो. त्यात माणूसच बदलतात.

तो प्रकार २००२ साली झाला. सॅबथमधून काढल्यावर ऑझीने जे पहिले दोन अल्बम केले, 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' आणि 'डायरी ऑफ अ मॅडमॅन', ते आजही मेटलच्या अभ्यासक्रमात पहिल्या धड्याला असतात. त्यांवर बेस वाजवला होता बॉब डेझलीने आणि ड्रम्स ली कर्सलेकने. डेझलीने बरेचसे शब्दही लिहिले होते. पुढे श्रेय आणि मानधनावरून ते दोघं आणि ऑझीची बाजू यांच्यात कोर्टकज्जे झाले. २००२ च्या नव्या आवृत्तीत या दोघांचं वाजवणं पुसून त्या जागी रॉबर्ट त्रुहियो आणि माइक बोर्डिन यांच्याकडून नव्याने वाजवून घेतलं होतं. दोघंही उत्तम वादक. पण १९८० साली स्टुडिओत जे घडलं त्याला पायाच राहिला नाही. गिटारवादक रँडी रोड्स १९८२ साली विमान अपघातात गेला होता. त्याची गिटार जुनीच ठेवलेली. म्हणजे तो अशा दोन माणसांबरोबर वाजवत होता, ज्यांच्यासोबत तो त्या खोलीत कधी नव्हता. चाहते भडकले. २०११ च्या आवृत्तीत मूळचा बेस आणि ड्रम्स परत आले.

हे मी एखाद्या न्यायाधीशासारखं सांगू शकलो असतो. पण असाच एक छोटा निर्णय माझ्याही समोर येऊन पडला होता.

मी एका बँडचा दुसरा गायक आहे. बँडचं नाव सांगत नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. पहिल्या गायकाला बंगळुरूला नोकरी लागली आणि मला बोलावलं. ठाण्यात तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा भिंतीवर त्यांच्या जुन्या शोचं पोस्टर होतं आणि त्यावर त्याचा चेहरा. पहिल्या शोला पुढच्या रांगेतल्या एकाने दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत त्याचं नाव घेऊन विचारलं, 'तो कुठेय?' शिवी नव्हती ती. खराच प्रश्न होता. ड्रमरने घाईघाईने काउंट दिला आणि आम्ही पुढचं गाणं सुरू केलं. ते गाणं त्याने लिहिलेलं होतं.

दुसरा गायक असणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाने शिवलेला शर्ट घालून लग्नाला जाणं. खांद्यात ढगळ, छातीत घट्ट, आणि शर्टाची तारीफ झाली की ती तुमची नसते. त्याचे शब्द, त्याने श्वास घेतलेल्या जागा, त्याने ताणलेले शेवट. मी तिथे श्वास बदलला की गिटारवाला मान वर करून बघायचा.

लॉकडाऊनमध्ये आमच्या गिटारवाल्याने बँडची जुनी, माझ्या आधीची चार गाण्यांची रेकॉर्डिंग काढली. मिक्स नव्याने करून स्ट्रीमिंगवर टाकू, म्हणाला. मग दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, 'व्होकल्स फारच घाणेरडे रेकॉर्ड झालेत. तू घरूनच नव्याने गाऊन पाठव ना. तसाही आता गायक तूच आहेस.'

यात कट काही नव्हता. त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. बाकीच्यांनी अंगठे टाकले. आणि मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. चार वर्षं मी ज्या आवाजाशी तुलना झेलत होतो, तो आवाज एका दुपारीत नाहीसा करायची सोय झाली होती. पुढे जो कुणी ही गाणी ऐकेल, त्याच्यासाठी पहिला गायक मीच.

मी माझ्या खोलीतली पांघरुणं खिडकीला लावली, माइक जोडला आणि कुठे काय गायचंय हे बघायला जुना गळ्याचा ट्रॅक एकटाच लावला. बाकी वाद्यं बंद. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी तो एक लांब किंकाळी घेतो आणि ती अर्ध्यात फाटते. फाटल्यावर तो थांबत नाही, त्या फाटक्या आवाजातच पुढे जातो आणि मागून खोलीतलं कुणीतरी हसतं. ते हसणं ड्रमरचं होतं. मी त्याला ओळखतो, पण असं हसताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मी त्या खोलीत नव्हतो.

मी ग्रुपवर लिहिलं, 'मी नाही गाणार. त्याचाच ठेव. हवं तर माझ्या आवाजातली दोन गाणी लाइव्हमधून मागे जोड.' थोडी कुरकुर झाली, मग तेच ठरलं. मी फार उदार आहे असं नाही. त्याला पुसलं असतं, तर उद्या तिसरा गायक आल्यावर मलाही पुसायचा नियम मीच घालून दिला असता.

आमच्या घरी हा वाद वेगळ्या वेषात आधीपासून होता. आई 'कट्यार काळजात घुसली'ची भक्त. १९६७ च्या नाटकात खाँसाहेब वसंतराव देशपांड्यांचे. पुढे ती भूमिका त्यांचा नातू राहुल देशपांडे यांनी केली आणि २०१५ च्या सिनेमात खाँसाहेबांसाठी गळाही त्यांचाच. आई सिनेमा बघून आली आणि म्हणाली, 'छानच गायलाय. पण वसंतराव ते वसंतराव.' मी विचारलं, 'तू वसंतरावांना स्टेजवर पाहिलंयस?' 'नाही गं बाई, रेडिओवर ऐकलंय,' असं ती माझ्याऐवजी मावशीकडे बघत म्हणाली. गंमत म्हणजे त्या नाटकाची गोष्टच मुळी गायक बदलण्याची आहे. राजगायकाची जागा एक, गळे दोन, आणि जागा मिळाली तरी मान मिळतोच असं नाही. मेटलवाल्यांना याहून ओळखीची गोष्ट मराठीत सापडणार नाही.

पण नाट्यसंगीताकडे एक गोष्ट आहे, जी बँडकडे नाही. तिथे पद नटाच्या आधीपासून असतं, नंतरही राहतं. कुणी गायलं तर ती त्याची गायकी. बँडमध्ये गाणं आणि माणूस यांच्यात तेवढं अंतर नसतं, निदान चाहते ठेवू देत नाहीत. तरी अपवाद आहेत. आयर्न मेडनमध्ये ब्लेझ बेलीने नव्वदच्या दशकात दोन अल्बम गायले, चाहत्यांनी त्याला धारेवर धरलं आणि १९९९ साली ब्रूस डिकिन्सन परत आला. पण ब्लेझच्या काळातली 'साइन ऑफ द क्रॉस' आणि 'द क्लॅन्समन' त्याने २०१८ च्या दौऱ्यातही गायली. १ फेब्रुवारी २००८ ला मेडनचा जगदौरा मुंबईतून सुरू झाला, तेव्हा हजर असलेले आमचे थोरले लोक अजूनही ब्लेझचं नाव निघालं की तोंड वाकडं करतात. 'द क्लॅन्समन' लागलं की मात्र हात वर जातात.

सॅबथने नावाचा प्रश्न एकदा फार सभ्यपणे सोडवला होता. २००६ साली आयोमी, बटलर आणि डिओ पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्यांनी पाटीवर ब्लॅक सॅबथ लिहिलंच नाही. बँडचं नाव ठेवलं 'हेवन अँड हेल'. ज्याला ऐकायचंय तो येईल, ज्याला भांडायचंय त्याला निमित्त नको. २०१० साली डिओ गेला.

मार्टिनच्या वाट्याला न्याय उशिरा आला. ३१ मे २०२४ ला 'ॲनो डॉमिनी १९८९–१९९५' नावाचा बॉक्स सेट निघाला. त्यात त्याचे चार अल्बम. शेवटचा, १९९५ चा 'फॉरबिडन', सॅबथचा सर्वांत वाईट अल्बम म्हणून वर्षानुवर्षं थट्टेचा विषय. आयोमीने तो स्वतः बसून पुन्हा मिक्स केला. ड्रम्सना वजन आलं, गिटार पुढे आली. ते ड्रम्स वाजवणारा कोझी पॉवेल १९९८ मध्ये गाडीच्या अपघातात गेला, त्याला हे ऐकायला मिळालं नाही. अल्बम थोर झाला असं मी म्हणणार नाही. पण आता तो वाईट वाटला तरी, ऐकून वाईट वाटतो. २००२ आणि २०२४ मधला फरक माझ्यासाठी एवढाच आहे. एकात जे होते त्यांना घालवलं, दुसऱ्यात जे होते ते ऐकू येऊ लागले.

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर मूळचे चौघं शेवटचं वाजले. ऑझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. २२ जुलैला तो गेला. त्या रात्री आमच्या ग्रुपवर कुणीच 'खरा गायक कोण' असं विचारलं नाही. मीही दिवसभर पहिलाच अल्बम ऐकत होतो. त्या आवाजात डिओची ताकद नाही, मार्टिनचा पल्ला नाही. फक्त तो बोलतोय त्यावर विश्वास बसतो. हे मान्य केल्याने मार्टिनचं काही कमी होत नाही.

तुम्हाला या वादात पडायचं असेल, तर कुणाची बाजू घेण्याआधी एक करा. १९८७ चा 'द इटर्नल आयडल' आधी रे गिलनने गायला होता. मग तो बँड सोडून गेला आणि मार्टिनने त्याच संगीतावर पुन्हा गायला. त्यातला काही बेस आणि बरेचसे शब्द बॉब डेझलीचे, ज्याला पुढे पुसलं गेलं तोच. २०१० च्या डिलक्स आवृत्तीत दोन्ही गळे आहेत. एका सीडीवर मार्टिन, दुसरीवर रे गिलन, जो १९९३ मध्येच वारला होता. कुणी कुणाला पुसलेलं नाही. 'द शायनिंग' एकदा याच्या आवाजात ऐका, एकदा त्याच्या. दिव्यापासून कर्जतच्या गाडीत बसलात, तर बदलापूर यायच्या आत दोन्ही होतील. मला मार्टिन आवडतो. आमचा ड्रमर म्हणतो, रे गिलन. आमचं यावर अजून भांडण चालू आहे, आणि पुढच्या प्रॅक्टिसला त्याने दोन्ही सीडी घेऊन यायचं ठरलंय.