बाची सायकल

बाची एक सायकल होती. वरळीच्या बीडीडी चाळीतून गिरणीत, गिरणीतून चाळीत. एवढाच तिचा मुलूख. १९८२ च्या संपात ती विकली. पीठ आणलं.

परवा रविवारी दोस्ताची सायकल मागून घेतली. आई म्हणाली, "कुठं चाललास रं?" म्हटलं, "कुठंच नाही." ती बघतच राहिली. काम नसताना हिंडायची चैन आमच्या घरात कुणी केलीच नव्हती.

हाजीअली, पेडर रोडचा चढ, चौपाटी, मरीन ड्राइव्ह. नरिमन पॉइंटला कठड्यावर बसून घाम वाळवला. परतताना कोस्टल रोडचं तोंड लागलं. समुद्रात भर टाकून केलेला, २०२४ ला खुला झालेला. मोटारी सुसाट. सायकलला मज्जाव, स्कूटरला मज्जाव. दोस्तांनो, वेशीवर थांबवणं आपल्याला नवं नाही. आल्या वाटेनं निघालो.

चाळ मागं टाकून थेट दादर गाठलं. चैत्यभूमीपाशी सायकल टेकवली. ७ डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेबांना निरोप द्यायला, पोरसवदा बा इथंच गर्दीत उभा होता. वरळीहून चालत आलेला. मी वाळूत बसलो. पोटऱ्या ठणकत होत्या. बा राबून आला की त्याच्याही ठणकायच्या, आई तेल चोळायची.

पुढच्या रविवारी पोरीला सायकल शिकवायचीय.